शूलेस जो जॅक्सनला हॉल ऑफ फेममध्ये जागा द्यावी का?

धागालेखक

मे २०२५ मध्ये बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी दिवंगत खेळाडूंवरची कायमची बंदी उठवली. सट्ट्यापायी बंदी आलेल्या पीट रोझबरोबर शूलेस जो जॅक्सनही सुटला, मृत्यूनंतर ७३ वर्षांनी. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं सन्मान-दालन) त्याचं नाव आता डिसेंबर २०२७ मध्ये चर्चेला येऊ शकतं. माझं मत: घ्यायलाच हवं.

साउथ कॅरोलिनाच्या गिरणगावातला पोरगा, लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागलेला, लिहिता-वाचता न येणारा. नवे बूट चावले म्हणून एकदा नुसत्या मोज्यांवर खेळला आणि ते नाव जन्मभर चिकटलं. १९११ मध्ये क्लीव्हलंडकडून पहिल्याच पूर्ण मोसमात सरासरी .४०८! (क्रिकेटवाल्यांसाठी: दर हजार संधींमागे ४०८ हिट. तिथे .३०० वालाही चांगला हिटर मानतात.) त्याच वर्षी टाय कॉबने .४२० गाठली, म्हणून पहिला नंबर हुकला. कारकिर्दीची सरासरी .३५६. बॅट फिरवायची आपली ढब आपण जॅक्सनवरून उचलली, असं खुद्द होमरनचा बादशहा बेब रूथ सांगायचा.

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाची अंतिम लढत) जॅक्सनच्या संघाचे, शिकागो व्हाइट सॉक्सचे, खेळाडू मुद्दाम हरण्यासाठी जुगाऱ्यांना विकले गेले, हे खरं. पण त्याच सिरीजमध्ये जॅक्सनचे १२ हिट, सरासरी .३७५, क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. हरायला उतरलेला माणूस असा खेळतो का?

डावखुरा

हा .३७५ चा आकडा जरा फोडून बघा. शिकागो जिंकलं त्या तीन सामन्यांत ११ पैकी ६ हिट. हरलं त्या पाच सामन्यांत २१ पैकी ६, म्हणजे .२८६. होमरन मारला तो आठव्या सामन्यात, समोरचा संघ सिनसिनाटी ५-० ने पुढे असताना.

आणि पैसे? २० हजार डॉलर कबूल झाले होते, संघातल्याच लेफ्टी विल्यम्सकडून ५ हजार मिळाले, हे १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का हे ठरवणारं मंडळ) जॅक्सननेच सांगितलं. त्याचा वर्षाचा पगार तेव्हा ६ हजारांच्या आसपास होता.

मला वाईट वाटतं ते डिकी करचं. त्याच संघाचा पिचर (चेंडू टाकणारा), कटात नव्हता. सोबतचे विकले गेलेले असताना त्याने दोन सामने जिंकून दिले. त्याच्यासाठी धागा काढलाय कुणी?

धागालेखक

करबद्दल पटलं. पण २१ संधींवरून माणसाची नियत ठरवणं मला मान्य नाही. त्याच साक्षीत त्याने आपण जिंकायलाच खेळलो असंही सांगितलंय. १९२१ मध्ये ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं, तरी दुसऱ्याच दिवशी तेव्हाचा कमिशनर लँडिसने त्यांच्यावर बंदी घातली.

डावखुरा

कोर्टाचा निकाल वेगळा, खेळाचा वेगळा. पैसे घेतल्यावर 'मी मनापासून खेळलो' म्हणण्याचा हक्क उरत नाही. सरासरी .३५६ असो की .४५६.

तिसरा बेस

दोघांनीही त्याच संघातल्या बक वीव्हरचं नाव घेतलं नाही. कट शिजला त्या बैठकीत तो होता, पण पैसा घेतला नाही आणि सिरीजमध्ये .३२४ ने खेळला. संघाला सांगितलं नाही एवढ्यावरून तीच आजन्म बंदी. १९५६ मध्ये जाईपर्यंत परत घ्या म्हणून अर्ज करत राहिला. जॅक्सनइतका मोठा हिटर नव्हता, म्हणून त्याची बाजू कुणी मांडत नाही. आधी त्याच्याबद्दल बोला.