उत्तर: दुसरीच्या गणितातलं 'वीस एक'

वरती कुणीतरी लिहिलंय की दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, त्रेसष्टसाठी 'वीस एक, साठ तीन' असं वाचन आणून पोरांचं मराठीच मोडलं. अर्धं पटतं. पण 2019 च्या त्या बालभारतीच्या पुस्तकात जुनी नावं काढली नव्हती हो, त्रेसष्टही होतंच, बोंब मात्र एकाच बाजूची झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते, त्रेसष्ट म्हटलं की निम्मी पोरं आधी 3 लिहितात मग 6, कारण कानावर तीन आधी पडतो ना, आणि एकोणतीसचं तर विचारूच नका, तीस ऐकलं की सरळ 39! मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावते, सहा गठ्ठे नि तीन सुट्या काड्या समोर ठेवल्या की पोरगं आपणहून 'साठ आणि तीन' म्हणतं, पुस्तक न उघडता.