मार्चनंतर विहिरीवरची मोटर पाणी सोडते: साडेसातची घेऊ की पंपाचा प्रकारच बदलू?

मळेवाली_खटाव
नमस्कार. आमची विहीर ४५ फूट खोल आहे. काठावर ५ एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेली), वडिलांनी बसवलेली. दिवाळीत पाणी १२-१५ फुटांवर असतं तोवर काही तक्रार नसते. मार्चअखेर पाणी ३० फुटांखाली गेलं की धार तुटते आणि पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज येतो. फूटव्हॉल (पाण्यातल्या पाईपाच्या तळाची झडप) दोनदा बदलला, ग्लँडची, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती गळती रोखणारी, दोरी नवी भरली. दुकानदार म्हणतात, साडेसातची घ्या, ओढ वाढेल. पाईपलाईन ८०० फूट, शेत विहिरीच्या तोंडापेक्षा २० फूट उंच, दोन एकर ऊस ठिबकवर. खर्च एकदाच झेपणार आहे, म्हणून आधी विचारते.

रिवाइंडिंगवाले_काका
ताई, साडेसात घेऊ नका. दहाची घेतलीत तरी मार्चमध्ये हेच होणार.

मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण पाण्याला ओढता येत नाही. पंपातला पंखा गरगर फिरून पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे मधोमध दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तो पाणी सक्शन पाईपातून वर ढकलतो. म्हणजे काम हवेचं, आणि हवेची ताकद ठरलेली. समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. तुमच्यासारख्या ७०० मीटरच्या आसपास उंचीवरच्या गावात साडेनऊ मीटरच. त्यातून फूटव्हॉल, बेंड आणि पाईपाचं घर्षण वजा करा. हातात २०-२५ फूट उरतात. एचपी वाढवून पाणी पुढे जास्त उंच फेकता येतं. खालून वर येणं मात्र एचपीवर नाही.

तो खडखडाट साधा समजू नका. दाब फार कमी झाला की पाणी गार असतानाच त्याची वाफ होते, बुडबुडे तयार होतात आणि पंख्यावर येऊन फुटतात. असे पंखे मी उघडून पाहिलेत, वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेले असतात. यंदा आवाज आला की मोटर लगेच बंद करा.

धार_आणि_दाब
काकांशी पूर्ण सहमत. उपाय एकच: पंप पाण्याजवळ न्यायचा. जुने लोक मोनोब्लॉक विहिरीत कट्ट्यावर उतरवायचे, पण पावसाळ्यात पाणी चढलं की मोटर बुडून वाइंडिंग जायचं. तुम्ही ओपनवेल सबमर्सिबल घ्या. ती पाण्यातच राहते, सक्शनचा प्रश्न मिटतो, फूटव्हॉल नको, पाणी भरत बसायला नको.

एचपीचं गणित मांडतो. उन्हाळ्यात पाणी ३५ फुटांवर धरलं तर १०.७ मीटर. शेताची उंची ६ मीटर. सेकंदाला ५ लिटर पाणी अडीच इंची पाईपातून ८०० फूट नेताना घर्षणात साधारण साडेसहा मीटर जातात. ठिबकला दीड किलो दाब, म्हणजे १५ मीटर. बेरीज ३८ मीटर. पाच लिटर पाणी ३८ मीटर चढवायला अडीच एचपी पुरते. पंप आणि मोटर मिळून निम्मी ताकद कामी येते असं धरा, म्हणजे ५ एचपी. तुमची मोटर लहान कधीच नव्हती, जागा चुकली होती.

पाईपलाईन दोन इंची असेल तर मात्र थांबा. तेवढंच पाणी त्यातून न्यायला सोळा मीटर घर्षणात जातील. मग एचपी वाढवण्यापेक्षा पाईप बदलणं परवडतं, कारण वीज रोज जळते. साडेसातला मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, तो खर्चही धरा.

बोअरवाला_जत
आमच्याकडे बोअरवर कंप्रेसर आहे. खाली हवा सोडायची, बुडबुड्यांनी पाणी हलकं होऊन वर येतं. गाळ आला तरी खाली अडकायला फिरणारं काही नाही, हा मोठा फायदा. पण पाण्याच्या मानाने वीज फार खाते. विहीर असताना तिकडे जाऊ नका.

मळेवाली_खटाव
काका, दादा, मनापासून आभार. पाईप अडीच इंचीच आहे. पण एक कळलं नाही: गावातला हापसा शंभर फुटांवरून पाणी कसा काढतो? त्याला हवेची मर्यादा नाही का?

रिवाइंडिंगवाले_काका
छान विचारलंत. हापशाची दांडी वर दिसते, पण खरा पंप, म्हणजे सिलिंडर आणि दट्ट्या, खाली पाण्यात असतो. मधे लांब लोखंडी सळई. दट्ट्या वर जाताना पाण्याचा खांब उचलतो, खाली येताना झडप उघडून पाणी त्याच्यावर येतं. म्हणून ४५ मीटरपर्यंत चालतो. इंडिया मार्क टू नावाचा हा पंप सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला, आणि त्याची मुळं आपल्या सोलापूर आणि जालना पंपांत आहेत. जगभर गेलेल्या हापशाचा मूळ विचार आपल्या दुष्काळी भागातला, याचा मला फार अभिमान वाटतो.

दट्ट्याचा पंप प्रत्येक फेरीला ठरलेलं पाणी ढकलतोच. बागेत फवारणीचा एचटीपी तसाच, तीन दट्ट्यांचा. त्याचा बायपास, म्हणजे जास्तीचं पाणी परत सोडणारी वाट, कधी बांधून ठेवू नका. पुढचा कॉक बंद राहिला तर नळी फुटते. विहिरीवरच्या पंख्याच्या पंपाला थोडा वेळ कॉक बंद ठेवला तर पाणी आतल्या आत फिरतं, उलट लोड कमी होतो.

मळेवाली_खटाव
५ एचपीची ओपनवेल ठरवली. तळापासून किती वर ठेवू?

धार_आणि_दाब
गाळ किती बसतो ते पाहून दोन-तीन फूट वर, नायलॉनच्या दोरावर. वजन पाईपावर किंवा केबलवर कधीच नको. पाटीवरची हेड रेंज, म्हणजे पंप किती ते किती मीटर चढावर नीट चालतो ते, पाहा; ३८ मीटर त्या रेंजच्या मध्यावर यायला हवं. ५० मीटरची घेतलीत तर पाणी गरजेपेक्षा जास्त फेकेल आणि मोटरवर लोड येईल. मे महिन्यात विहीर तळाला लागत असेल तर स्टार्टरमध्ये ड्राय रन प्रोटेक्टर (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा) बसवून घ्या. पाण्यातली मोटर पाण्यानेच गार राहते.

जुनी मोनोब्लॉक विकू नका. पुढे शेततळं केलंत तर त्याच्या काठावर ती मजेत चालेल, तिथे सक्शन दहा-बारा फुटांचंच असेल. तोवर पंखा काढून काकांनी सांगितलेले खड्डे तपासा.