शुश्रूषा केंद्रात आईची काळजी नीट घेतली जाते का, हे कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार. आई अंथरुणाला खिळलेली आहे. घरी दोघांनी मिळूनही तिला उचलणं जमेना, म्हणून तीन महिन्यांपूर्वी जड मनाने शुश्रूषा केंद्रात ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात.

पण परवा तिला कुशीवर वळवताना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटाने दाबून पाहिलं, तरी लाली जाईना. बेडसोअरची, म्हणजे सतत एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तक्त्यात आहे, पण रात्रभराच्या सह्या एका बैठकीत केल्यासारख्या दिसतात. डॉक्टरांना चट्टा लगेच दाखवला, ते झालं.

आता मी न कळवता, वेगवेगळ्या वेळी जाते. काल पाण्याचा पेला भरलेला होता, पण खिडकीत. तिचा हात तिथवर पोचतच नाही. तोंड कोरडं पडलं होतं तिचं.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सांगा. रात्रपाळीला एका माणसाकडे किती रुग्ण असतात, हे तुम्ही कसं काढून घेतलंत? दर महिन्याच्या वजनाची नोंद आणि औषधांचा तक्ता नातेवाइकांना दाखवतात का? ती हल्ली दिवसाही झोपलेली असते, गुंगीचं औषध चालू आहे का हे कुणाला विचारू?

आणि मनात सलतंय ते हे: मी तक्रार केली तर राग आईवर तर निघणार नाही ना? तुम्ही कसं बोललात?