शब्दचर्चा: शाळेची 'जबाबदारी', 'उत्तरदायित्व' की 'जाब'?

तळटीप
सार्वजनिक शाळा सुधारण्याच्या निरनिराळ्या देशांतल्या पद्धतींवरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. त्यात दर दुसऱ्या वाक्यात 'अकाउंटेबिलिटी' येते, म्हणजे सोपवलेल्या कामाबद्दल कुणापुढे तरी उत्तर द्यावं लागणं. 'जबाबदारी' लिहावं तर 'शाळांची जबाबदारी वाढवली' या वाक्याचा अर्थ शाळांवर आणखी कामं लादली असा होतो. 'उत्तरदायित्व' अचूक असेल, पण थेट शासन निर्णयातून उठून आल्यासारखं वाटतं. हल्ली वर्तमानपत्रांत 'जबाबदेही' दिसते. ती चालेल?

कोशकीटक
चालेल, पण ती हिंदीतून आली आहे हे माहीत असू द्या. तिन्ही शब्दांच्या शेपट्या पाहा. 'दार' म्हणजे बाळगणारा (दुकानदार, जमीनदार). म्हणून जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे काम सोपवलं आहे तो. 'देह' हे फारसी देणारा, आणि 'दायी' हे संस्कृत देणारा. म्हणजे जबाबदेही आणि उत्तरदायित्व ही एकाच अर्थाची दोन रूपं. काम सोपवलेलं असणं वेगळं आणि त्या कामाबद्दल कुणापुढे तरी उत्तर द्यावं लागणं वेगळं; तुम्हाला हवा असलेला हा दुसरा अर्थ या दोन्हींत आहे. मी 'उत्तरदायित्व' घेईन. जड आहे, पण विशेषण 'उत्तरदायी' आयतं मिळतं.

पाटीपेन्सिल
मी शिकवण्याच्या धंद्यातला, कोशातला नाही. माझी तक्रार अशी की या भारदस्त नामांत माणसंच दिसत नाहीत. 'उत्तरदायित्व निश्चित करण्यात येईल.' कुणाचं? कुणापुढे? कशाबद्दल? आपल्याकडे 'जाब विचारणे' हे क्रियापद आहे. ते वापरलं की विचारणारा कोण आणि देणारा कोण हे सांगावंच लागतं, आणि शाळांच्या बाबतीत सगळे फरक तिथेच आहेत.

इंग्लंडात १८६२ मध्ये सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधलं गेलं. निरीक्षक येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेणार, आणि मूल ज्या विषयात नापास त्या विषयाचं अनुदान कापलं जाणार. जाब विचारणारं सरकार, देणारी शाळा, विषय तीनच. साहजिकच शाळा त्या तीन विषयांपुरत्या उरल्या आणि मुलांकडून वाचनपुस्तक पाठ करून घेऊ लागल्या. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा निरीक्षक होता आणि त्यानेच या पद्धतीवर कडाडून टीका केली. तरी ती जवळजवळ तीन दशकं टिकली.

बोरू
आणि पुढे अमेरिकेत तीच वेगळे कपडे घालून आली. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली. निकाल वंश, गरिबी, अपंगत्व, भाषा अशा गटांनुसार वेगवेगळा जाहीर करायचा. ही तरतूद खरंच चांगली होती, कारण त्याआधी सरासरीच्या आड मागे पडणारी मुलं लपून जात. पण लक्ष्य काय, तर २०१३-१४ पर्यंत झाडून सगळी मुलं 'प्रवीण'. तळटीप, हा शब्द तुमच्या अहवालात येणारच, तेव्हा एक ध्यानात ठेवा: प्रवीण कुणाला म्हणायचं हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवत होतं. त्यामुळे काही राज्यांनी पट्टीच खाली आणली. अटलांटात तर शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. २०१५ मध्ये नवा कायदा आला आणि बरेच अधिकार राज्यांकडे परत गेले.

तळटीप
म्हणजे जाब फक्त वरून खाली. पण अहवालात पालकांनी शाळेला विचारण्याची पद्धतही आहे. तिथेही 'जाब' चालेल? मला तो भांडणाचा शब्द वाटतो.

कोशकीटक
भांडणाचा आहेच. 'जाब' हा 'जवाब'चाच आखूड झालेला अवतार, पण 'त्याला जाब विचारला' म्हटलं की आवाज चढलेला असतो. पालकांसाठी 'हिशेब मागणे' बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. तिथे 'हिशेब' अगदी शब्दशः बसतो.

पाटीपेन्सिल
कागदावर बसतो. ज्याचं मूल उद्या त्याच वर्गात बसणार आहे, तो पालक गुरुजींकडे हिशेब मागताना दहादा विचार करतो. समिती नेमली म्हणजे विचारण्याची ताकद आली, असं भाषांतरात तरी वाटू देऊ नका.

अनुस्वार
थोडं बाजूला. 'पब्लिक स्कूल'चं 'सार्वजनिक शाळा' केलंत ते ठीक, पण मूळ मजकूर इंग्लंडचा असेल तर जपून. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे जुनी, भारी फीची खासगी शाळा. आपल्याकडच्या पाट्यांवरही तोच अर्थ.

इंग्लंडचंच आणखी एक. तिथल्या ऑफस्टेड या तपासणी संस्थेच्या श्रेणींमध्ये 'समाधानकारक' अशी एक श्रेणी होती. २०१२ मध्ये तिचं नाव बदलून 'सुधारणा आवश्यक' केलं. कालपर्यंत बरी असलेली शाळा आज नुसत्या नावाने कमी ठरली. अख्ख्या शाळेला एका शब्दात तोलणारी ही एकूण श्रेणी सरकारी शाळांसाठी शेवटी सप्टेंबर २०२४ पासून बंद केली.

बोरू
याच्या अगदी उलट टोकाला फिनलंड. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा तपासणीच काढून टाकली. राष्ट्रीय चाचण्या घेतात त्या नमुन्यादाखल काही शाळांत, आणि त्यातून शाळांची क्रमवारी लावत नाहीत. तिथल्या शिक्षकाबद्दल लिहिताना 'उत्तरदायित्व'ही खटकतं. कोशकीटकांनी बाजूला सारलेली साधी 'जबाबदारी' तिथे चपखल बसते, कारण काम विश्वासाने सोपवलेलं आहे. अर्थात शिक्षक निवडतानाच तिथे चाळणी फार बारीक असते. ती न लावता नुसती तपासणी काढून काय होईल, ते सांगायला नको.

तळटीप
एक जागा अजून अडली आहे. रिचर्ड एलमोर या शिक्षणतज्ज्ञाचं म्हणणं अहवालात आहे: वरच्याने खालच्याकडून जितकी जास्त कामगिरी मागावी, तितकी ती करण्याची क्षमता पुरवणं हे वरच्याचं कर्तव्य. याला 'परस्पर उत्तरदायित्व' म्हणू?

पाटीपेन्सिल
म्हणा. माझ्या मते अख्ख्या अहवालात सांभाळण्यासारखी हीच जागा आहे. निकाल कमी लागला म्हणून नोटीस पाठवणाऱ्याला, तुम्ही शाळेला शिक्षक किती दिले आणि प्रशिक्षण काय दिलं, हे विचारण्याची सोय वरच्या बहुतेक पद्धतींत नाही. फक्त वाक्य 'परस्पर उत्तरदायित्व जोपासले जावे' असं करू नका. 'मागणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं' असं लिहा आणि संज्ञा पुढे एकदाच द्या.

तळटीप
ठरलं. संज्ञा म्हणून 'उत्तरदायित्व', वाक्यांत शक्य तिथे क्रियापदं, फिनलंडपुरती 'जबाबदारी'. आता 'शाळासुधार' लिहू की 'शाळासुधारणा'?

कोशकीटक
'शाळासुधारणा'. 'सुधार' ही पुन्हा हिंदी.

अनुस्वार
मग 'नगर सुधार' आणि 'सुधारगृह' यांचं काय करायचं? नवा धागा काढा.