परग्रहवासी मालक झाले तर: विषमतेवरचं व्यंग की विषमतेतून पळवाट?

उत्तररात्र

एकही गोळी न झाडता पृथ्वी ताब्यात घेणारे परग्रहवासी ज्या गोष्टींत येतात, त्या गोष्टी विषमतेबद्दल वास्तववादी कादंबरीपेक्षा जास्त खरं बोलतात, असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल तर जरूर मांडा, त्यासाठीच हा धागा काढते आहे.

निमित्त 'लँडस्केप विथ इनव्हिजिबल हँड'चं. एम. टी. अँडरसन यांची ही कादंबरी २०१७ ची, तिच्यावर कोरी फिनली यांनी केलेला चित्रपट २०२३ चा. गोष्ट अमेरिकेतली. 'वुव्ह' नावाचे परग्रहवासी येतात ते फौज घेऊन नाही, व्यापाराचा प्रस्ताव घेऊन. रोग बरे करणारं आणि माणसांची कामं परस्पर उरकणारं तंत्रज्ञान ते देऊ करतात. ज्यांनी त्यांच्याशी आधी धंदा जमवला ते आकाशात तरंगणाऱ्या वसाहतींत राहायला जातात. बाकीच्यांच्या नोकऱ्या जातात आणि घरं पडायला येतात. ॲडम हा चित्रं काढणारा मुलगा आणि त्याची मैत्रीण क्लोई घर चालवण्यासाठी आपलं प्रेम वुव्हांना थेट प्रक्षेपण करून विकतात, कारण वुव्हांना माणसांच्या प्रेमाचं भारी अप्रूप. पुढे दोघांमधलं प्रेम आटतं. मग वुव्ह फसवणुकीचा दावा लावतात.

इथे कुणी क्रूर नाही, हे मला सगळ्यात जास्त भिडलं. कुणाला मारत नाहीत, डांबून ठेवत नाहीत. प्रत्येक पायरीवर एक करार असतो आणि माणूस त्यावर स्वतःहून सही करतो, कारण सही न करणं त्याच्या घराला परवडत नाही. आपल्याकडची विषमता तरी वेगळी कशी चालते? फरक इतकाच की घरभाडं, हप्ते, कंत्राटी नोकरी यांत आपण पुरते मुरलेलो असतो, त्यामुळे त्या अटी कुणीतरी ठरवलेल्या आहेत हेच विसरतो. त्याच अटी कॉफीच्या टेबलाएवढ्या, वल्ह्यांसारखे अवयव एकमेकांवर घासून बोलणाऱ्या प्राण्याने घातल्या की त्यांतला अन्याय लख्ख दिसतो.

सरळरेघ

साफ असहमत.

परग्रहवासी आणला की दोष बाहेरचा ठरतो आणि घरचे सगळे सुटतात. याच जातीचा सर्वांत गाजलेला चित्रपट घ्या, जॉन कारपेंटर यांचा १९८८ चा 'दे लिव्ह'. कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आलेल्या बांधकाम मजुराला एक काळा चष्मा सापडतो. तो लावला की जाहिरातींमागचे 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा' असे हुकूम दिसतात आणि उंची कपड्यांतले अनेक श्रीमंत प्रत्यक्षात परग्रहवासी असल्याचं कळतं. त्या वेळचे अमेरिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळावरची ही टीका आहे हे मान्य. पण रेगन काळात नेमकं काय लपून झालं? १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. मिळकत कराचा वरचा दर ७० टक्के होता, तो हा चित्रपट आला त्या वर्षी २८ टक्क्यांवर आला होता. त्यासाठीचा १९८६ चा कायदा संसदेत दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर झाला. किमान वेतन १९८१ च्या सुरुवातीपासून तासाला ३.३५ डॉलरवर गोठलेलं होतं, ते १९९० पर्यंत तिथेच राहिलं. यातलं काहीही बघायला चष्मा लागत नव्हता. लोकांनी मतं दिली, प्रतिनिधींनी हात वर केले आणि झालं.

चित्रपटात उपाय काय, तर प्रक्षेपणाचा अँटेना उडवा. एक यंत्र मोडलं की खोटं उघडं पडलं! राजकारणाची ही समज घातक आहे. 'छुपी जमात आपल्यावर राज्य करते' हा साचा एकदा तयार ठेवला की त्यात कुणीही कुणालाही बसवतो. तसंच झालं. नवनाझींनी या चित्रपटाचा ज्यूविरोधी अर्थ लावून तो पसरवला. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कारपेंटर यांना जाहीरपणे सांगावं लागलं की चित्रपट बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे आणि ज्यूंच्या जगावरच्या ताब्याची गोष्ट ही बदनामी आहे, खोटं आहे. स्वतःच्या रूपकाबद्दल एवढा खुलासा करावा लागतो, याचा अर्थ रूपकातच भोक आहे.

पडदा

मला वादापेक्षा कलाकृतीत रस आहे, म्हणून थोडक्यात. वुव्हांच्या चित्रपटात प्रेम विकण्यापेक्षा नंतरचा भाग जास्त धारदार आहे. दावा टाळण्यासाठी ॲडमची आई एका तरुण वुव्हला नवरा म्हणून घरात घेते आणि १९५० च्या दशकातल्या अमेरिकन टीव्ही मालिकांतल्या गृहिणीसारखी वागते, कारण माणसाचं कुटुंब म्हणजे काय हे वुव्ह तिथूनच शिकलेत. सत्ता ज्याच्या हातात, त्याच्या डोक्यातल्या आपल्या चित्राप्रमाणे आपण जगायचं. हे मी दुसऱ्या कुठल्या विज्ञानकथेत इतकं नीट पाहिलेलं नाही. मात्र वुव्ह दिसायलाच इतके मजेदार केलेत की त्यांचा राग येत नाही. व्यंगाची धार तिथे बोथट झाली.

रात्रपाळी

'पडदा' यांच्या प्रतिसादावरून लिहावंसं वाटलं.

मी हिंजवडीत अमेरिकन ग्राहकांसाठी रात्रपाळीत फोन घेत असे. तिथे मला एक अमेरिकन नाव मिळालं होतं. उच्चार घोटून घेतले होते. पलीकडच्या गावात हवा कशी आहे हे स्क्रीनवर बघून गप्पा सुरू करायच्या, म्हणजे समोरच्याला आपण शेजारच्याच राज्यातले वाटतो. प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा आणि क्वालिटीवाले त्यातले काही ऐकून गुण द्यायचे. गुणांच्या तक्त्यात 'सहानुभूती' असा वेगळा रकाना होता. माझ्या घरी आजारपण चालू असताना मी एका बाईंच्या हरवलेल्या पार्सलबद्दल इतकी हळहळ व्यक्त केली की मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी तो कॉल नवीन पोरांना नमुना म्हणून ऐकवला.

ॲडम आणि क्लोईवर 'तुमचं प्रेम खरं नाही' म्हणून दावा लागतो तेव्हा मला पडद्याकडे बघवेना. सरळरेघ, तुम्ही म्हणता यात काही लपलेलं नसतं. कराचा दर लपलेला नसेल. पण भावना मोजून विकल्या जातात आणि कमी पडल्या तर पगारातून कापल्या जातात, हे मी कुणाला सांगायला गेले की लोक म्हणायचे, "एसीत बसून बोलायचं तर काम!" त्यांना ते दिसतच नव्हतं. ते दाखवायला त्या चपट्या प्राण्याची मदत होत असेल तर मला तो हवा आहे.

कऱ्हाकाठ

अमेरिकेची चर्चा चालू आहे, त्यात आमच्याकडची एक घटना टाकतो. संबंध आहे आणि तो थेट अमेरिकेपर्यंत पोचतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सावकारांकडे पैसा खेळू लागला आणि शेतकऱ्याला कर्ज मागितल्याबरोबर मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज आटलं, आणि त्याच सुमाराला सरकारने फेरआकारणीत सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. माणसांना इजा फारशी झाली नाही. लोकांना हवे होते ते कर्जाचे रोखे, कर्जखतं आणि कोर्टाचे हुकूमनामे. हाती लागले तिथे ते जाळले.

आता प्रश्न असा की शेतकऱ्याचा मालक कोण होता? लिव्हरपूलचा बाजार? मुंबईचं सरकार? की गावातला सावकार? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. त्यात सारा वाढवणारं सरकार सुटत नाही, पण ऐषारामात गुंग असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर शेतकऱ्याला नाडणारा एतद्देशीय कामगार, म्हणजे हाताखालचा सरकारी नोकर, तोही सुटत नाही. त्याच काळात दादाभाई नौरोजी देशातला पैसा बाहेर कसा वाहून जातो याचा हिशेब मांडत होते. मला दोघंही हवेत, पण माणसाला रोज भेटतो तो फुल्यांचा कामगार. परग्रहवासीयांच्या गोष्टीत या मधल्या माणसाला जागा मिळाली तरच ती गोष्ट खरी. नाहीतर सरळरेघ म्हणतात तसं चोर सोडून संन्याशाला फाशी.

उत्तररात्र

कऱ्हाकाठ, मधल्या माणसाला या गोष्टींत जागा आहे, आणि चांगली ऐसपैस आहे. 'दे लिव्ह'मधलाच प्रसंग आठवा. सुरुवातीला बेघरांच्या वस्तीत राहणारा एक फाटका माणूस दिसतो. तोच शेवटी भारी सूट घालून परग्रहवासीयांच्या मेजवानीत भेटतो आणि नायकाला आपलाच समजून मोठ्या उत्साहाने सगळं तळघर दाखवत फिरतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण याहून उघडपणे पडद्यावर कशी आणणार? त्याच चित्रपटात एक पात्र सांगतं की या परग्रहवासीयांच्या लेखी पृथ्वी म्हणजे आणखी एक विकसनशील ग्रह, त्यांचं तिसरं जगच. म्हणजे अमेरिकन प्रेक्षकाला थेट सांगितलं जातंय की तुमचा देश आजवर इतरांशी जसा वागला, तसंच आता तुमच्याशी होतंय.

सरळरेघ, म्हणून 'दोष बाहेरचा ठरतो' हे मला मान्य नाही. या साहित्याच्या मुळातच उलटी गोष्ट आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरचे हल्लेखोर लंडनवर चालून येतात, पण पहिल्याच प्रकरणात लेखक वाचकाला युरोपियनांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा केलेला संहार आठवून देतो. मग मंगळवासीयांना दोष द्यायचा आपल्याला काय अधिकार, असा त्याचा रोख आहे. परका म्हणून जो दाखवलाय तो आरशातला वाचकच आहे. नवनाझींना आरसा दाखवला आणि त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तर तो आरशाचा गुन्हा होत नाही.

आणि सुप्याचे शेतकरी तर माझ्या बाजूचे. त्यांनी सावकाराचा जीव घेतला नाही, करार जाळला. विषमता कशात साठवलेली असते हे त्यांना नेमकं माहीत होतं.

सरळरेघ

कागद जाळणं मलाही समजतं. पण पुढे काय झालं तेही बघा. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याने सावकाराच्या व्यवहारांवर बंधनं घातली, साऱ्याची पद्धत मात्र होती तशीच चालू राहिली. समोर दिसणाऱ्यावर सगळा रोष खर्च झाला की असं होतं.

उत्तररात्र, तुमच्या आरशाबद्दल. आरशात बघून माणूस करणार काय? वुव्हांच्या गोष्टीचा शेवटचा भार येऊन पडतो तो एका मुलाच्या नकारावर. त्याच्या चित्रात वुव्ह स्वतःच्या सोयीचे फेरफार करतात आणि तो ते स्वीकारत नाही. नकार बाणेदार आहे, मला आवडला. पण त्याने घरभाडं भागत नाही आणि शेजाऱ्याचंही काही भलं होत नाही.

हा चित्रपट ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा हॉलीवूडचे लेखक २ मेपासून आणि अभिनेते १४ जुलैपासून संपावर होते. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, अभिनेत्यांचा ११८. अभिनेत्यांचा एक मोठा मुद्दा हाच होता की संगणकाने आमचा चेहरा आणि आवाज बनवून आमच्याविना आम्हालाच वापरायचं नाही. नोव्हेंबरात समझोता झाला, त्यात अशा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला यांची कलमं आली. म्हणजे माणसाची प्रतिमा विकत घेणाऱ्या परग्रहवासीयांची गोष्ट चित्रपटगृहात चालू होती आणि बाहेर रस्त्यावर हजारो माणसं फलक घेऊन त्याच प्रश्नाचं उत्तर मिळवत होती. आत एकट्याचा नकार, बाहेर संघटनेचा करार. मला बाहेरची गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि या सगळ्या व्यंगकथांना ती लिहिता येत नाही हे त्यांचं मोठं अपयश आहे.

उत्तररात्र

संपाची आठवण दिलीत ते फार चांगलं केलंत, पण त्यातून माझंच म्हणणं पुढे जातं. ती कलमं मिळाली ती संघटनेच्या सभासदांना, संघटनेशी करार असलेल्या कामापुरती. ॲडम आणि क्लोई कुठल्या संघटनेचे सभासद आहेत? आपल्याच खोलीत कॅमेरा लावून बघणाऱ्यांकडून पैसे घेणारी दोन पोरं आहेत ती. त्यांना कामगार म्हणतसुद्धा नाहीत. आज जगभर अशी किती पोरं हेच करत असतील. त्यांच्या मालकाशी बोलणी करायला कुणाचा दरवाजा ठोठवायचा? वास्तवात त्या मालकाला चेहराच नाही, म्हणून लेखकाला तो परग्रहावरून आणावा लागतो. संघटनेची गोष्ट लिहायला हवी, शंभर वेळा मान्य. पण आधी या पोरांचं काम हे काम आहे, इतकं तरी कुणाला तरी पटायला हवं.

पडदा

दोघांनाही एक विनंती. कादंबरी आणि चित्रपट वेगळे धरा. कादंबरीत ॲडम दूषित पाण्यामुळे झालेल्या आजाराने सतत त्रस्त असतो. पाणी शुद्ध करणारी सार्वजनिक व्यवस्था मोडली म्हणून तो आजारी, आणि वुव्हांकडे औषध असूनही पैसे नाहीत म्हणून तसाच. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेवर याहून थेट काय लिहायचं? 'दोष बाहेरचा' हा आक्षेप कादंबरीला तरी लागू होत नाही.

रात्रपाळी

संघटनेबद्दल सांगते. आमच्या मजल्यावर एकदा विषय निघाला होता. रात्रीच्या गाडीची वेळ बदलली होती आणि मुलींना पहाटे घरापासून लांब सोडत होते. आम्ही काही जणी मिळून व्यवस्थापकांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाड्यांची वेळ शिफ्टवर ठरते आणि शिफ्ट क्लायंटबरोबरच्या करारात आहे. तो करार आम्हाला बघता येईल का, असं मी विचारलं. तो त्यांनीही पाहिलेला नव्हता.