अनुभव धागा : खांद्याच्या टेंडनची दुर्बिणीतून शिवण, काही वर्षांनंतर

रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंना हाडाशी जोडणारी टेंडनं, म्हणजे चिवट पट्टे) शिवून घेतलेल्यांनी, शिवणाऱ्यांनी आणि व्यायाम करून घेणाऱ्यांनी नेमकं लिहावं: फाट किती होती, काय टिकलं, काय बिघडलं आणि कशामुळे.

ऑर्थोपेडिक सर्जन
फाट १ सेंमीच्या आत असली तर लहान, ३ पर्यंत मध्यम, ५ पर्यंत मोठी, त्यापुढे अतिमोठी. पण एमआरआयवर लांबीइतकंच मी स्नायूतल्या चरबीकडे बघतो. गुतालिए यांच्या स्नायूतली चरबी मोजणाऱ्या ० ते ४ या प्रतवारीत ३ म्हणजे जितका स्नायू तितकीच चरबी. असा आखडलेला स्नायू हाडापर्यंत ओढून आणला तरी ताणाखाली राहतो आणि टाके टेंडन कापत सुटतात. हाडातला अँकर (टाके धरून ठेवणारी खुंटी) उपटून आला अशी पेशंटची समजूत असते, पण तसं क्वचितच घडतं. साठी उलटलेली असणं, मधुमेह आणि धूम्रपान यांनीही शिवण जुळायला अडचण येते. तंबाखू आधीपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती.

सोनोग्राफी करणारी
शिवण उघडली म्हणजे खांदा दुखणारच, असं नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ सेंमीहून मोठ्या फाटींच्या १८ पैकी १७ शिवणी पुन्हा उघडलेल्या दिसल्या, तरी वर्षभरात बहुतेकांना चांगला आराम पडला होता. दुसऱ्या वर्षी मात्र खांदा किती चांगला चालतो याचे गुण थोडे उतरले. शिवण जुळली काय, उघडली काय, दुखणं कमी होतं. हातातली ताकद जुळलेल्या टेंडनलाच जास्त मिळते.

फिजिओथेरपिस्ट
वरच्या ताईंना दिसणाऱ्या उघडलेल्या शिवणी बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांतल्याच असतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

चार ते सहा आठवडे स्लिंग (हाताची झोळी). मनगट, बोटं, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायची तर कमरेतून पुढे वाकून हात सैल सोडायचा, तो उचलायचा नाही. झोपताना पाठ उंच आणि कोपराखाली उशी, म्हणजे कोपर अंगामागे जाऊन शिवणीवर ताण येत नाही. खांदा या काळात दुसऱ्या हाताच्या आधारानेच हलवायचा. स्वतःच्या ताकदीने उचलणं साधारण सहाव्या आठवड्यानंतर, रबर बँड बाराव्यानंतर, डोक्यावरचं जड काम सहा महिन्यांनी. मोठ्या फाटीत हे सगळं आणखी पुढे जातं.

सर्वांत धोक्याचे सहा ते बारा आठवडे. दुखणं थांबलेलं असतं, टेंडन हाडाला पक्कं धरलेलं नसतं, आणि बादली उचलली जाते. आखडलेपणाला घाबरून घाई करू नका. तो बहुतेकांचा वर्षभरात सुटतो. उघडलेली शिवण व्यायामाने जुळत नाही.

न शिवता चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी
नॉर्वेतल्या एका चाचणीत ३ सेंमीपर्यंतच्या फाटींची दहा वर्षांनी तुलना झाली. शिवलेले खांदे केवळ व्यायाम केलेल्यांपेक्षा खांद्याचं दुखणं, हालचाल आणि ताकद मोजणाऱ्या १०० पैकी सुमारे १० गुणांनी पुढे होते (शिवण दुर्बिणीतून नव्हे, उघड्या छेदातून होती). न शिवलेल्या काही फाटी काळानुसार वाढल्या. वयस्कर माणसाची जुनी, न दुखणारी फाट मात्र शिवायलाच हवी असं नाही.

शिवण करून घेतलेला
डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट मागून घ्या: अँकर किती, धातूचे की विरघळणारे, शिवण पूर्ण झाली की अर्धवट, बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) टेंडन नुसतं कापलं की कापून हाडाला पुन्हा बसवलं. धातूच्या अँकरमुळे पुढच्या एमआरआयमध्ये आसपासचा भाग नीट दिसत नाही, आणि बायसेप्स नुसतं कापलं असेल तर दंडात गोळा दिसू शकतो. हे आधी ठाऊक असलं की नव्या डॉक्टरांना पुन्हा शून्यापासून शोधावं लागत नाही.