आरटीएक्स ५०८० ग्राफिक कार्डासाठी सव्वा लाख मोजायचे का? दागिन्यांच्या रेंडरसाठी सल्ला हवा

गुजरीची_डिझायनर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांसाठी थ्रीडी डिझाइन करते. साज, ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, जे मागतील ते. मॉडेल राइनो या सॉफ्टवेअरमध्ये बनवते आणि रेंडर, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र, ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनात काढते. सध्या एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे, १२ जीबी मेमरीचं, आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा).

एका चित्रापुरतं हे कार्ड अजून चालतं. पण आता सराफांना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवायला दागिना फिरतानाचा व्हिडिओ लागतो. दहा सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे २५० फ्रेम. फ्रेमला अडीच मिनिटं धरली तरी रात्र जाते, आणि सकाळी सराफ म्हणतात, "लोलक जरा लहान करा." की परत पहिल्यापासून. लग्नसराईत एका वेळी तीन-चार ऑर्डरी असतात.

राजारामपुरीत चौकशी केली. ५०८० सव्वा लाखाच्या पुढे सांगतात. ५०७० टीआय नव्वद हजारांच्या आसपास. ५०८० ची भारतातली जाहीर किंमत तर १,०७,००० होती. मग हा वरचा भाव कशाचा? आणि मुळात कार्डांच्या किमती एवढ्या वाढणं वाजवी आहे का? एकानं जुनं ३०९० पण सुचवलंय. कृपया कामाच्या अंगानं सांगा, गेम मी खेळत नाही.

शिरोली_फाउंड्री

ताई, मी कास्टिंग सिम्युलेशनचं काम करतो, त्यामुळे कार्डांचा हिशोब दरवर्षी मांडावा लागतो. आधी भावाचं सांगतो, मग काय घ्यायचं ते.

५०८० ची अमेरिकेतली किंमत ९९९ डॉलर, तीही कर सोडून. जानेवारी २०२५ मध्ये कार्ड आलं तेव्हा डॉलर ८६ च्या आसपास होता. म्हणजे ८५,९०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लावा, १,०१,४०० होतात. जाहीर किंमत १,०७,०००. म्हणजे "भारतात लुटतात" ही ओरड जाहीर किमतीबाबत खरी नाही, रुपया आणि कर यांतच बहुतेक फरक संपतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला. नव्वदनं मांडलं तरी १,०६,१०० च येतात. त्यामुळे सव्वा लाखातले वरचे अठरा-वीस हजार रुपयाच्या घसरणीचे नाहीत. ते टंचाईचे आहेत, आणि थोडे तीन पंखे आणि रंगीत दिव्यांच्या मॉडेलचे.

आता वाजवी का, या प्रश्नाचं. २०१७ मध्ये १०८० टीआय ६९९ डॉलरला आलं. आठ वर्षांची महागाई धरली तर आजचे ९९९ डॉलर फार वेगळे नाहीत, असं कंपनीची बाजू घेणारे सांगतात. आकड्यानं ते बरोबर आहे. पण त्या पैशात मिळतं काय, ते बघा.

२०२० मध्ये ३०८० आलं, ६९९ डॉलरला. त्यात ८,७०४ कोर, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे भाग. त्या वेळी सगळ्यात वरचं ३०९० होतं १,४९९ डॉलरचं, त्यात १०,४९६. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात ८३ टक्के कोर मिळायचे. ४०८० मध्ये ९,७२८ आणि ४०९० मध्ये १६,३८४, म्हणजे ५९ टक्के. आणि ५०८० मध्ये १०,७५२, ५०९० मध्ये २१,७६०. निम्मे पण नाहीत. चिपचा आकार पण तसाच उतरला, ३०८० ची ६२८ चौरस मिलिमीटर होती, ५०८० ची ३७८ आहे. नवीन प्रक्रियेत तेवढ्याच जागेत ट्रान्झिस्टर जास्त बसतात आणि वेफर (ज्या चकतीतून चिपा कापतात ती) महाग पडतो, हे मान्य. तरी तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर नाव तेच ठेवून कॅरट उतरवलाय. किंमत वाढल्याचं मला एवढं वाईट वाटत नाही, "८०" या आकड्यावर विश्वासून माणूस पैसे मोजतो आणि त्याला पूर्वीच्या "७०" च्या पायरीचा माल मिळतो, याचं वाटतं.

म्हणून आकडा बघून घेऊ नका. ५०७० टीआय आणि ५०८० एकाच चिपवर आहेत. दोन्हींना १६ जीबी मेमरी. टीआयमध्ये ८,९६० कोर. म्हणजे ५०८० मध्ये २० टक्के जास्त, आणि तुम्हाला सांगितलेल्या भावात पैसे जवळपास ४० टक्के जास्त. तुमची रात्रभराची रेंडर टीआयवर चार तासांत झाली असं धरा, ५०८० वर ती साधारण तीन तास वीस मिनिटांत होईल. दोन्हीकडं झोपायच्या आत संपते. त्या चाळीस मिनिटांसाठी पस्तीस हजार देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत.

रंकाळा_गेमर

नुसतं गेमसाठी असतं तर मी एएमडीचं ९०७० एक्सटी म्हणलो असतो. १६ जीबी, जाहीर किंमत ५९९ डॉलर, लय भारी कार्ड हाय. पण ताईंचं काम सायकल्समध्ये हाय म्हणजे एनव्हिडियाच घ्या. ऑप्टिक्सचा, म्हणजे एनव्हिडियाच्या रेंडर पळवणाऱ्या सोयीचा, वेग अजून एएमडीकडं नाही.

आणि ५०९० च्या नादाला लागू नका. ५७५ वॅट खातंय आणि जाहीर किंमतच २,१४,००० होती.

शाहूपुरी_आयटी

शिरोलीकर दादांचा हिशोब पटला, पण "कॅरट उतरवला" हे एकांगी वाटतं. कंपनी हे का करते ते बघायला हवं.

जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री १३०.५ अब्ज डॉलर होती. त्यातली ११५ अब्ज डेटा सेंटरची. गेमिंग सव्वाअकरा अब्जांच्या आसपास. म्हणजे आपण सगळे मिळून त्यांचं दहा टक्केही गिऱ्हाईक नाही. ५०९० ची जी चिप आहे तीच चिप ९६ जीबी मेमरी लावून आरटीएक्स प्रो ६००० म्हणून कितीतरी पट भावात विकली जाते, आणि घेणारे रांगेत उभे आहेत. चिपा सगळ्या तैवानच्या टीएसएमसीकडं बनतात. तिथली क्षमता ठरलेली. अशा वेळी कुठलाही धंदेवाला आधी जास्त देणाऱ्याला माल देणार.

मेमरीचंही तेच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, तिघेच मोठे. तिघांचाही ओढा एआय सर्व्हरच्या मेमरीकडं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे "थांबा, स्वस्त होईल" हा जुना सल्ला आत्ता देणं मला धोक्याचं वाटतं. १६ जीबीच्या कार्डांवर याचा भार जास्त पडणार.

शिरोली_फाउंड्री

कारण कळलं म्हणजे भाव वाजवी ठरत नाही, भावा. जास्त देणारा दुसरा आहे म्हणून मला महाग, हे बाजाराला धरून आहे. पण मग माल कमी करून नाव मोठं ठेवू नये. २०२२ मध्ये त्यांनी १२ जीबीचं वेगळंच कार्ड "४०८०" म्हणून जाहीर केलं होतं, लोकांनी आवाज उठवला तेव्हा मागं घेतलं. तेच जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून ७९९ डॉलरला आलं. गिऱ्हाइकानं बोललं की फरक पडतो, म्हणून मी बोलतो.

थांबू नका, हे मात्र तुझं बरोबर. ताईंचं काम आत्ता अडलंय.

गुजरीची_डिझायनर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहते. १६ जीबी पुरेल का? सगळ्या मण्यांचा अख्खा साज उघडला की माझं १२ जीबी भरतं आणि रेंडर एकदम रखडते. म्हणूनच ३०९० च्या २४ जीबीकडं मन जात होतं.

पंचगंगा_रेंडर

ताई, मी आर्किटेक्टची रेंडर करतो, हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आधी मणी कसे कॉपी करताय ते सांगा. शिफ्ट-डी करत असाल तर ब्लेंडर प्रत्येक मण्याची जाळी (त्रिकोणांनी बनलेला आकार) वेगळी साठवतो. ऑल्ट-डी केलं तर जाळी एकच राहते आणि बाकीचे मणी तिच्याकडं बोट दाखवतात. सायकल्स पण ती मेमरीत एकदाच चढवतं. साजाची पानं वेगवेगळी असतात, कासव, मासा, बेलपान, ती वेगळी राहू देत. पण मधले मणी तर एकसारखेच. हिऱ्यांच्या दागिन्यात तर याचा फायदा फार मोठा.

दुसरं, राइनोतून जाळी आणताना ती गरजेपेक्षा दाट येते. मण्याला लाखभर त्रिकोण नकोत, मोबाइलवर बघणाऱ्याला ते दिसणार पण नाहीत. एक्सपोर्ट करताना मेशची, म्हणजे जाळीची, सेटिंग उतरवा. टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) ८के असतील तर २के करा. एवढं करून आजच्या ३०६० वरच साज परत लावून बघा. १२ जीबीत बसला तर १६ तुम्हाला मोकळं पडेल.

जुन्या ३०९० बद्दल: त्याच्या निम्म्या मेमरी चिपा कार्डाच्या पाठीमागं असतात आणि त्या फार तापतात. बरीच कार्डं सप्टेंबर २०२२ पर्यंत, इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबेपर्यंत, दिवस-रात्र पळालेली आहेत. वॉरंटी संपलेली, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड वाळलेले. २४ जीबीवाचून कामच होत नाही अशा माणसानं तपासून घ्यावं. सराफाची तारीख पाळायची असेल तर नको. रेंडरच्या वेगातही ते ५०७० टीआयच्या मागंच आहे.

गुजरीची_डिझायनर

शिफ्ट-डीच करत होते! आत्ता ठुशी ऑल्ट-डीनं परत लावली, ६ जीबीच्या आत आली. मग ५०७० टीआय पक्कं. एसएमपीएस बदलावा लागेल का?

शिरोली_फाउंड्री

हो. ५०७० टीआय ३०० वॅटचं आहे आणि कंपनी ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तुमचा ६५० चा आहे, शिवाय जुना. नवीनच घ्या, कार्डाला वीज देणारी १२व्ही-२x६ ची केबल सोबत येणारा, म्हणजे मध्ये जोड लागत नाही. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ५०७० टीआयचा भार त्याहून बराच कमी, तरी प्लग पूर्ण आत बसलाय का ते बॅटरीच्या उजेडात बघा आणि केबल कनेक्टरपाशी लगेच वाकवू नका. पावसाळ्यात पेठांत लाइट येते-जाते, यूपीएस नसेल तर तोही याच खर्चात धरा.

जीएसटी नंबर असेल तर बिल धंद्याच्या नावावर घ्या. नव्वद हजारांत करच पावणेचौदा हजार आहे, तो क्रेडिटमध्ये येतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

शाहूपुरी_आयटी

बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाला नुसतं "ग्राफिक कार्ड १ नग" असं बिल मिळालं होतं, वॉरंटीच्या वेळी महिना त्यातच गेला. ऑनलाइन दोन-तीन हजार स्वस्त दिसलं तरी मी राजारामपुरीतूनच घ्यायला सांगेन. बिघडलं तर पाठवायचं काम दुकानदार करतो. फक्त घेण्याआधी विचारा, वॉरंटी तीन वर्षांची आहे का, आणि ती भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे का.

रंकाळा_गेमर

ताई, ३०६० विकणार असाल तर मला आधी सांगा. धाकट्या भावाला पाहिजे.

पंचगंगा_रेंडर

विकायच्या आधी एक बघा. मदरबोर्डवर दुसरा स्लॉट आणि कॅबिनेटमध्ये जागा असेल तर सायकल्स दोन्ही कार्डं एकत्र वापरतं. दोन्हींची मेमरी जोडली जात नाही, सीन १२ जीबीत बसायला लागतो, पण तुमची ठुशी तर आता बसतीय. मग मात्र एसएमपीएस ७५० चा नको, १००० चा घ्या.